चार वाजून दहा मिनिटांनी येणारे साहेब

शनिवारी दुपारी तीनपासूनच पक्षकार्यालयाच्या पायऱ्यांवर माणसं मावेनाशी होत. दारात टेबल टाकून एक कार्यकर्ता प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि बसायची जागा रजिस्टरात लिहून घेई. मग आतल्या दिवाणखान्यात तास-तासभर ताटकळायचं. पंखे बंद, पडदे ओढलेले आणि सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या घड्याळावर. चार वाजून दहा मिनिटं झाली की त्याचा सेकंदकाटा जागच्या जागी थांबायचा. आठ महिन्यांपूर्वी याच वेळी पक्षाचे नेते असलेले साहेब भाषण करता करता व्यासपीठावर कोसळले आणि गेले होते.

काटा थांबला की साहेबांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसलेला त्यांचा ड्रायव्हर मान खाली टाकायचा. कानांवरून मफलर गुंडाळलेला, डोळे मिटलेले. मग त्याच्या तोंडून साहेबांचा तोच घोगरा आवाज यायचा. वाक्याआधीचा खाकरासुद्धा तोच.

"शिंपीणबाई, सासूबाईंचा मोडलेला हात जुळला का?"

शिंपीणबाईंच्या हातातली पिशवी गळून पडली. "जुळला हो साहेब," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "जिवंत असलेले विचारत नाहीत, आणि तुम्ही मेल्यावरही विसरला नाहीत."

मागच्या भिंतीला टेकून मसुदाबाई उभ्या होत्या. एकोणीस वर्षं त्यांनी साहेबांची भाषणं लिहिली होती, सात निवडणुकांचा प्रचार आखला होता. रात्रंदिवस मसुदे खरडणारी बाई म्हणून कार्यालयाने हे नाव ठेवलं आणि साहेबांनी त्याचं 'मसुदे' करून टाकलं. तशी हाक मारणारे ते एकटेच. नेमकं काम काय करतेस, असं थोरल्या बहिणीने विचारलं की त्या म्हणायच्या, "दुसऱ्याच्या तोंडातून बोलते."

पहिल्या शनिवारी त्या हसायला म्हणून आल्या होत्या. भूत, अंगात येणं, असल्या गोष्टींना त्यांनी जन्मात भीक घातली नव्हती. पण ड्रायव्हरची मान त्यांच्याकडे वळली आणि आवाज आला, "मसुदे, मागे का उभी? त्या दिवशी व्यासपीठामागच्या खोलीत मी म्हणालो, छातीत कळ येतेय. तू म्हणालीस, पाचच मिनिटं बोला, लोक कधीचे उन्हात बसलेत. त्याचं ओझं वाहू नकोस. तुझा दोष नव्हता गं."

त्या खोलीत दोघांशिवाय चिटपाखरूही नव्हतं.

तेव्हापासून त्यांचा एकही शनिवार चुकला नाही. घरी भर दुपारी स्वयंपाकघरातून खाकरा ऐकू यायचा आणि त्या उठून बघून यायच्या. कागदावर एखादी ओळ लिहिली की ती त्यांच्या कानात साहेबांच्या आवाजात वाजायची. एकदा बहिणीने त्यांना रिकाम्या खुर्चीशी बोलताना पाहिलं आणि काही न बोलता चहाचा कप हातात दिला. दोन दिवसांनी मात्र तिने विचारलं, "तू त्यांना शोधतेयस की माफीला?"

आवाज जाताना दर वेळी एकच निरोप द्यायचा. "पोटनिवडणुकीला माझा मेहुणा उभा आहे, तुम्हाला त्याच्या हाती सोपवतो. आणि ती कारखान्याची तक्रार मागे घ्या. भांडणात कुणाचं भलं झालंय?"

कारखान्याच्या सांडपाण्याने खालच्या वस्तीतल्या विहिरी पिवळ्या पडल्या होत्या, मुलांच्या अंगावर चट्टे उठत होते. त्या तक्रारीवर दोनशे सह्या साहेबांनीच दारोदार फिरून गोळा केल्या होत्या. आता मेल्यावर त्यांचं मन पालटलं म्हणून एकशेवीस जणांनी सह्या मागे घेतल्या. साहेब असं बोलणार नाहीत हे मसुदाबाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या गप्प राहिल्या. आवाज खोटा म्हटला, तर 'तुझा दोष नव्हता' हेही खोटं ठरत होतं.

पाचव्या शनिवारी आवाज घड्याळवाल्या काकांकडे वळला. "काका, धाकट्या मुलीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं का?"

काका उठून उभे राहिले. "धाकटी कुठली, साहेब? मला एकच मुलगी, आणि तिचे डोळे ठणठणीत आहेत. ऑपरेशन शेजारच्या चष्मेवाल्याच्या मुलीचं झालं. तेही बारा वर्षांपूर्वी."

मग खाकरा आला. "इथून जरा धूसर दिसतं."

लोकांनी माना डोलावल्या. वर ढग असणारच. पण मसुदाबाईंना ती चूक ओळखीची वाटली.

कार्यालयाच्या मागच्या खोलीत अकरा हजार कार्डं होती. घरटी एक. कोण आजारी, कुणाची बदली झाली, कुणाचं कुणाशी बिनसलंय. ती सगळी मसुदाबाईंनी जमवली होती. गल्लीत शिरण्याआधी साहेब कार्ड वाचायचे आणि लोक म्हणायचे, काय स्मरणशक्ती आहे. काकांच्या कार्डावर चष्मेवाल्याची मुलगी चुकून चढली ती मसुदाबाईंच्याच हातून, आणि ती चूक कधी दुरुस्त झालीच नाही. साहेबांना त्या कार्डाची गरजच नव्हती. त्यांचं मनगटी घड्याळ सारखं बंद पडायचं, महिन्यातून एकदा ते काकांच्या दुकानात बसायचे. "मसुदे, तू काकांना आयती एक मुलगी दिलीस," असं म्हणून ते कित्येक वर्षं हसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मसुदाबाई काकांच्या दुकानात गेल्या.

"काका, मेलेला माणूस एकवेळ विसरेल," त्या म्हणाल्या. "पण तो माझी चूक कशी करेल?"

काकांनी डोळ्यावरचं भिंग उतरवलं. "ताई, मी माणसांतलं जाणत नाही, घड्याळातलं सांगतो. सेल संपत आला की काटा जागच्या जागी थरथरतो, रेंगाळतो. हा एकदम थांबतो आणि साहेब गेले की एकदम चालतो. म्हणजे कुणीतरी वीज तोडतंय आणि जोडतंय. शिवाय दर शनिवारी घड्याळ अर्धा तास मागे पडतं. पुढच्या शनिवारी वेळ पुन्हा बरोबर. भूत काय स्टुलावर चढून काटे लावतं?"

मसुदाबाई बऱ्याच दिवसांनी हसल्या. पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. "आणि त्या खोलीतलं बोलणं? ते तर कुठल्याच कार्डावर नाही."

"कुणालाच सांगितलं नव्हतंत?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

सांगितलं होतं. साहेब गेल्याच्या तिसऱ्या दिवशी फोनवर, तासभर रडत. ऐकणारा त्यांचाच चेला होता. दहा वर्षांपूर्वी त्यांनी त्याला कामावर घेतलं, हाताला धरून शिकवलं. आता तो मेहुण्याचा प्रचारप्रमुख होता, आणि त्या प्रचाराचा खर्च कारखाना उचलत होता. त्या दिवशी तो फक्त 'हं, हं' म्हणत राहिला होता. तेही त्यांनीच शिकवलेलं: समोरचा रडत असेल तर मध्ये बोलू नये, ऐकत राहावं.

पुढच्या शनिवारी काका दिवाणखान्यात घड्याळाखाली जाऊन बसले. मसुदाबाई मागच्या व्हरांड्यातून आल्या आणि त्यांनी कार्डांच्या खोलीचं दार ढकललं.

चेला टेबलाशी बसला होता. समोर रजिस्टर, कार्डांचे उघडे खण, हातात छोटा माइक. टेबलावर एक बटण आणि त्यापासून भिंतीत शिरलेली बारीक वायर. त्याने माइकवर तळवा ठेवला.

"बसा ना, बाई," तो हळूच म्हणाला. "इतका उशीर कराल असं वाटलं नव्हतं."

"लाज नाही वाटत?"

"कशाची? कार्ड तुमचं. माणसाला नावाने हाक मारा, तो तुमचा होतो, हे वाक्य तुमचं. साहेब कार्ड वाचून बोलायचे तेव्हा लोकांना वाटायचं त्यांना आठवतं. तेव्हा तुम्ही कुठे खुलासा केलात? मी फक्त साहेबांना आणखी एक निवडणूक दिली."

मसुदाबाईंना वर्मी लागलं. ते सगळंच खोटं नव्हतं.

"आणि मला जे ऐकवलंस ते?"

त्याने नजर खाली वळवली. "तुम्ही पहिल्याच दिवशी हे बंद पाडलं असतंत. तुम्हाला धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं." मग तोच पुढे म्हणाला, "तुम्हाला बरं वाटलं ना पण?"

भिंतीपलीकडे आवाज अडखळला होता. पुढचं कार्ड येत नव्हतं. मसुदाबाईंनी त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"ड्रायव्हरदादा, मी मसुदाबाई. मफलर काढा. पुरे आता."

पलीकडे खाकरा सुरू झाला आणि मध्येच तुटला. त्या बाहेर आल्या तेव्हा काकांनी घड्याळ खुंटीवरून उतरवलं होतं. मागे सेलच्या जागी दोन तारा होत्या, भिंतीतल्या भोकातून आलेल्या. ड्रायव्हरच्या मांडीवर मफलर होता आणि तळहातावर वाटाण्याएवढं कानातलं यंत्र.

"पंधरा वर्षं गाडी चालवली त्यांची," तो म्हणाला. "नक्कल करायचो, ते स्वतः हसायचे. प्रचारप्रमुख म्हणाले, लोकांना धीर येईल. पण कधीकधी वाटायचं, साहेबच बोलतायत. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं हो."

कुणी शिव्या घातल्या नाहीत. शिंपीणबाई तेवढ्या उठून मसुदाबाईंसमोर आल्या. "काय मिळवलंत? आठवड्यातून एकदा कुणीतरी आमची चौकशी करत होतं."

"तुमची चौकशी माझं कार्ड करत होतं," मसुदाबाई म्हणाल्या. मसुद्याशिवाय त्या पहिल्यांदाच लोकांपुढे बोलत होत्या. "ते साहेब असतानाही करत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. सगळं कळत असून या पाच आठवड्यांतही गप्प बसले, कारण मला हवं ते ऐकू येत होतं. तुम्हालाही येत होतं. गोड वाटलं म्हणून खरं मानू नका. याला हे कुणी सांगितलं, यात कुणाचा फायदा, एवढं विचारा. साहेब गेले, ते बोलत नाहीत. पण विहिरीचं पाणी पिवळं आहे, ते डोळ्यांनी दिसतं. जे दिसतं त्यावर सही करा."

मेहुणा तरीही निवडून आला, अगदी थोडक्यात. चेल्याला दुसऱ्या शहरात याहून मोठं काम मिळालं. तक्रारीवर मात्र पुन्हा सह्या पडल्या, एकशे चौऱ्याऐंशी. त्यांत शिंपीणबाईंची होती. कारखान्याला नोटीस गेली आणि पाण्याची तपासणी सुरू झाली.

महिन्याभराने मसुदाबाई साहेबांवर उपचार करणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्या खोलीत काय घडलं ते त्यांनी पहिल्यापासून सांगितलं आणि विचारलं, "मी त्यांना भाषणाला जाऊ दिलं नसतं, तर वाचले असते?"

डॉक्टरीणबाईंनी फाइल नीट वाचली. घाई केली नाही.

"कदाचित," त्या म्हणाल्या. "कळ आल्या आल्या इथे आणलं असतंत तर संधी होती. पण त्यांचं हृदय आधीच फार थकलेलं होतं. वाचलेच असते असं मी म्हणू शकत नाही. नसते वाचले असंही नाही. खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

हे ऐकायला कडू होतं. पण समोर एक जिवंत माणूस होता, तपासून बोलणारा, आणि जिथे माहीत नव्हतं तिथे तसं सांगणारा. मसुदाबाई उठल्या, आभार मानले आणि पायऱ्या उतरून घरी चालत गेल्या.

त्या दुपारी स्वयंपाकघरातून आवाज आला तेव्हा त्या उठल्या नाहीत. बहीण भांडी लावत होती.