बुकिंगची खुर्ची

"वहिनी, मधलं मोठं स्टेशन कधी गेलं, मला आठवतच नाही."

दीर इतक्या हळू बोलला, की तिला आधी वाटलं, तो पाणी मागतोय. मालगाडी यार्डात लावून तो ड्यूटी संपल्याची सही करायला तिच्या, ड्रायव्हरांच्या बुकिंग ऑफिसात आला होता. डोळे लाल, ओठ सुकलेले.

"म्हणजे? डुलकी लागली होती?"

"तेच तर कळत नाही. पुलाचा आवाज झाला तेव्हा भानावर आलो. हात हँडलवरच होता." तो कसनुसं हसला. "दादाला सांगू नका हं."

विश्रांती पुरी व्हायच्या आत त्याला घरून बोलावून घेणारी तीच होती. ती लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत जायचा, तिच्याच हातचा डबा घेऊन.

कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर पाठवायचा, हे तिचं काम. गाड्या वाढत गेल्या, निवृत्त झालेल्यांच्या जागा मात्र रिकाम्याच राहिल्या. तिचा नंबर दिसला की ड्रायव्हरांच्या बायका फोन पालथा घालत. युनियनचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे मामा म्हणत, तिला नेहमी बजावायचे, "ताई, थकलेल्या माणसाला बुक करू नका. आम्ही पाठीशी आहोत." ती मान डोलवायची. पाठीशी असणारे पाठीमागेच उभे राहतात, हे तिला माहीत होतं.

दीर बाहेरच्या बाकावर टेकला आणि बुटांसकट झोपून गेला. तेवढ्यात तिचे साहेब आले.

"कोळशाची गाडी खोळंबलीय. बाहेर झोपलाय त्याला उठवून पाठवा."

"साहेब, तो आत्ताच उतरलाय."

"काल चालत होतं. आज काय झालं? दीर म्हणून?"

टोला वर्मी लागला. दुसरा कुणी असता तर तिने मुकाट्याने उठवलाच असता.

"मी त्याला बुक करणार नाही," ती कशीबशी म्हणाली.

"मग घरी बसायची तयारी ठेवा."

तिने मामांना फोन लावला. तो बंद होता. ते मोठ्या साहेबांकडे भरतीची बोलणी करायला गेले होते. घराचे हप्ते, नवऱ्याचं अधू गुडघ्यामुळे सुटलेलं काम, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

साहेबांनी तिला खुर्चीतून उठायची खूण केली आणि स्वतःच फोन ओढून घेतला. बाहेर बाकावर मान वाकडी करून दीर झोपला होता. तो वाचला, असं तिला क्षणभर वाटलं. मग साहेबांचा आवाज कानावर पडला, "झोपलेत? मग उठवा ना बाई! ड्यूटी आहे."

साहेबांनी ज्याच्या घरी फोन लावला होता, तो ड्रायव्हर सकाळीच लांबची गाडी आणून घरी गेला होता. त्या गाडीवर तिनेच त्याला पाठवलं होतं.

पुलाचा तो आवाज तिला ऐकू आल्यासारखा झाला. ती पुढे झाली आणि तिने साहेबांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"उठवू नका त्यांना," ती म्हणाली. "झोपू द्या."

पलीकडून त्या ड्रायव्हरच्या बायकोने घाबरत विचारलं, "नक्की ना, ताई?"