कासव दिसेल, लिहून द्या

मला राग पटकन येतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबरच असतो. फ्रिजच्या कंपनीत तक्रार विभागात बारा वर्षं काढल्यावर तोंडी शब्दावर माझा काडीचाही विश्वास उरलेला नाही. त्यामुळे सुट्टीत समुद्रावर जायचं ठरल्यावर मी नावाड्याला तीनदा फोन केला. कासव दिसेल ना?

"दिसतं बहुतेक," तो पहिल्यांदा म्हणाला. बहुतेक म्हणजे काय? दुसऱ्यांदा म्हणाला, "समुद्र आहे बाई, नशिबावर असतं." आमची खारू नऊ वर्षांची. कासवाशेजारी पोहायचं म्हणून तिने वर्षभर पहाटे उठून पोहण्याचा क्लास केला होता. तिला मी नशीब दाखवायला नेणार होते का? तिसऱ्या फोनला मी स्पष्ट सांगितलं, "कासव दिसेल असं लिहून द्या, नाहीतर आम्ही दुसरी होडी बघतो." मग तो म्हणाला, "बरं. देतो."

सकाळी किनाऱ्यावर त्याने कागद दिला. त्यावर तारीख नव्हती, सही नव्हती. पाण्याखाली बघायच्या एका चष्म्याचा पट्टा तुटलेला, आणि सासूबाईंच्या लाइफ जॅकेटला बकल नाही. मी एकेक गोष्ट बदलून घेतली. तोवर खारूने खडकातले खेकडे मोजले, आणि तिचे बाबा पायात रबरी पंख चढवून वाळूत उलटे चालत दोनदा बसले.

"अगं, निघा आता," सासूबाई म्हणाल्या. "समुद्र आटायचा तुझ्या सहीपायी."

"बाई, भरती लागलीय," नावाडी सारखा पाण्याकडे बघत होता. "लवकर निघू या."

घाई करणाऱ्या माणसाचा मला फोनवरसुद्धा संशय येतो. मी मुद्दाम कागद पुन्हा वाचला. चाळीस मिनिटं गेली असतील.

पाणी मात्र असं नितळ होतं की माझासुद्धा पारा उतरला. प्रवाळांवरून पट्टेवाले मासे घोळक्याने फिरत होते. एक निळा तारामासा पाच बोटं पसरून आरामात पडला होता. वाळूतून एक चपटा मासा एकदम उठला, तेव्हा नवऱ्याने स्नॉर्कलच्या नळीतून अशी किंकाळी फोडली की सासूबाई होडीत बसून पोट धरून हसल्या. खारूला कशाचंच हसू येत नव्हतं. ती फक्त विचारत होती, "कासव कुठे?"

नावाड्याने पाण्यावर तरंगणाऱ्या एका नारिंगी फुग्यापाशी होडी थांबवली. "इथे," तो म्हणाला.

खारूने पाण्यात उतरून डोकं आत घातलं आणि हात हलवले. दिसलं! मी होडीच्या कडेला लटकून तिचा फोटो काढला. बघा, म्हटलं, लिहून घेतलं की सगळं होतं.

तेवढ्यात तिने डोकं वर काढलं आणि नळी थुंकली. "आई, ते वर येतंय आणि परत खाली ओढलं जातंय. आई, त्याला श्वास घेता येत नाहीये!"

मी उडी मारली. कासवाच्या पुढच्या पायाला दोरी होती, आणि दोरीचं दुसरं टोक तळातल्या सिमेंटच्या ठोकळ्याला. ते पाण्याच्या वरच्या थरापाशी यायचं, मान ताणायचं, आणि वीतभर अंतरावर दोरी संपायची. पुन्हा खाली. पुन्हा वर. पाय दोरीखाली पांढरा पडला होता. एवढं चीड आणणारं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नाही.

"नालायक माणसा!" मी वर येऊन ओरडले. "मुक्या जिवाला बांधून ठेवता? लाज नाही वाटत? तुमचा धंदाच बंद करते, थांबा!"

नावाड्याने पाण्यात सूर मारला. मीही त्याच्या मागून गेले आणि दोरी नखांनी ओरबाडत बसले. माझाच श्वास संपला. त्याने मला बाजूला सारलं, गाठ हातात घेतली आणि दोन झटक्यांत सोडवली. त्याचीच गाठ होती.

कासव वर आलं. खारूच्या हातभर अंतरावर त्याने तोंड बाहेर काढून जोरात श्वास घेतला. घसा खरवडल्यासारखा आवाज झाला. मग दुसरा, तिसरा. मग एक पाय जरा ओढत ते खोल पाण्यात निघून गेलं. खारू रडत होती आणि तिचा चष्मा आतून पाण्याने भरला होता.

होडीत मी पुन्हा तोंड सोडलं. किती दिवसांपासून हा खेळ चालला आहे? किती मुलांना असं फसवलं? नवरा म्हणाला, "अगं, हळू." मी कशाला हळू बोलू?

नावाडी ओला सदरा पिळत होता. "बावीस वर्षं होडी चालवतोय. आजवर एकही बांधलं नव्हतं. जाळ्यात आलं तर लगेच सोडून देतो. आज पहाटे हे आलं, आणि तुम्हाला लिहून द्यायचं कबूल केलं होतं. मुलीचं नाव घेत होतात. म्हटलं, सकाळचे दोन तास. ओहोटीला वर येऊन श्वास घेण्यापुरती दोरी पुरत होती. भरतीच्या आधी येऊन सोडणार होतो. चूक माझीच आहे, बाई. पण मी निघू या म्हणत होतो."

माझा राग तसाच होता, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना. तरी मी ठरवलं की किनाऱ्यावर उतरताच सगळ्यांसमोर या माणसाची शोभा करायची. बांधलं तर त्यानेच ना? हात त्याचेच ना?

किनाऱ्यावर पुढचं कुटुंब तयार उभं होतं. एक बाई, तिचा नवरा, आणि गळ्यात चष्मा अडकवलेली खारूएवढी मुलगी. होडी वाळूला लागायच्या आत ती मुलगी गुडघाभर पाण्यात आली.

"दिसलं का कासव?"

मी उठून उभी राहिले आणि नावाड्याकडे बोट दाखवलं. पण माझ्याआधी खारू बोलली.

"दिसलं," ती म्हणाली. "माझ्या आईला हवं होतं म्हणून बांधून ठेवलं होतं."

मग माझा हात न धरता ती एकटीच होडीतून उतरली.