दोनदा थोपटलं की सोडायचं

सुनेने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली, "आई, माझं मनगट धरा. लाड नकोत, जोरात धरा."

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकान दुपारी बंद असायचं, तेव्हा जेवायला घरी यायची. बसथांब्याजवळच्या गल्लीत एक माणूस मागे मागे येतो, म्हणून स्वसंरक्षण शिकायचं, असं तिने मला सांगितलं. क्लास लावला असता तर माझ्या मुलाने कुठे, कशाला, कुणाबरोबर हे सगळं विचारलं असतं. व्हिडिओला कुणी काही विचारत नाही.

व्हिडिओत शिकवणाऱ्याच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हता. आम्ही त्याला टकलू मास्तर म्हणायचो. तो सारखा बजावायचा की एक पाय पुढे, एक मागे, आणि पाठ कशालाही टेकू द्यायची नाही. हात सोडवताना सगळ्या पंजाशी झटापट करायची नाही. एक करंगळी पकडायची आणि उलटी वळवायची. आणि सरावात दुखलं, की जोडीदाराला दोनदा थोपटायचं. थोपटलं की त्याने त्या क्षणी सोडायचं.

माझी पकड अजून बरी आहे. उमेदीची सगळी वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईघरात काढली. ओल्या चादरी आम्ही दोघी दोन टोकांना धरून पिळायचो. मी ढिली पडले की समोरची म्हणायची, "अगं, पिळतेयस की तिची समजूत काढतेयस?" सगळीकडे वाफ, कढत साबणाचा वास, आणि त्यात आमचं हसणं. ते हसणं मला या वयातही ऐकू येतं. मुलगा तेव्हा एवढासा होता. माझी करंगळी धरून कामावर यायचा आणि कोरड्या चादरींच्या ढिगावर झोपायचा. मी जाता-येता त्याला थोपटायची.

सून पहिल्या दिवशी माझ्या हातातून सुटेना. "तुम्ही म्हातारी असल्याचं सोंग करता," ती म्हणाली. मग रोज जेवणं झाली की आमचा आखाडा सुरू. ती थोपटायची, मी सोडायची. पुढे पुढे तर तिचा हात लागला न लागला, तोच माझी बोटं उघडायची.

एका दुपारी तिने मोबाइल बंद केला. मला कपाटापाशी नेलं, स्वतः कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"आता मनगट नको. दंडाला धरा, वरून. आणि दुसरा हात इथे, गळ्याखाली. पूर्ण वजन टाका."

टकलू मास्तरच्या व्हिडिओत कपाट नव्हतं. गल्लीतही नव्हतं. ती उन्हाळ्यात लांब बाह्या का घालते, हे मला तोवर कळलं नव्हतं असं नाही. पण ते माझ्या हाताला त्या दिवशी कळलं. माझा नवरा मला असाच धरायचा, त्यामुळे कसं धरायचं ते मला शिकवावं लागलं नाही. मी वजन टाकलं. सुटायला तिला आठवडे लागले, पण सुटायला लागली.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. एरवी संध्याकाळी येणारा, एक दिवस दुपारीच आला. दुकानाच्या मालकाने तिला सुट्टीच्या दिवशी बोलावलंय, एवढंच निमित्त झालं. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. आधी त्याचा आवाज चढला, मग कपाटाचं दार खडखडलं. आणि मग दोनदा थोपटल्याचा आवाज आला.

ती त्याच्या हातावर थोपटत होती. सवय झाली होती, आणि ती आम्ही दोघींनीच लावलेली. त्याला नियम ठाऊक नव्हता. तिने परत थोपटलं. माझ्या हातातले कपडे खाली पडले. माझी बोटं ऐकूनच उघडली होती.

मी आत गेले आणि त्याची करंगळी धरली. उलटी वळवली. काडकन आवाज आला.

"आई, सोड," तो म्हणाला. मोकळ्या हाताने त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. दोनदा. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझी बोटं उघडू पाहत होती. मी सोडलं नाही. सून दारातून बाहेर पडली, जिना उतरली, खालचा दरवाजा आपटला. मग सोडलं.

तो खुर्चीत बसला आणि लहानपणी खरचटल्यावर करायचा तसा हात पुढे केला. मी जुन्या चादरीची पट्टी फाडून करंगळी शेजारच्या बोटाला बांधली. तो घामाने भिजला होता. मी कपाळ पुसलं.

"कुठे गेलीय?"

मला माहीत नव्हतं. ते मी तिला कधी विचारलं नव्हतं, आणि बरं झालं.

"तुला माहितीय," तो म्हणाला आणि उठला. चांगल्या हाताने त्याने माझा दंड धरला, वरून. मागे कपाट होतं. मी एक पाय पुढे घेतला, एक मागे ठेवला, आणि पाठ टेकू दिली नाही.