दिव्याआधी गॅस

आईच्या डोक्यातून गोष्टी निसटू लागल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, नवीन काही शिकवायचं तर तिच्या जुन्या सवयीला जोडा. बाबा जन्मभर डोंबिवलीत शाळामास्तर. वळण लावण्यात त्यांची हयात गेलेली. आई काय वाटेल ते विसरायची, पण तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायला कधीच नाही. म्हणून बाबांनी ठरवलं, दिव्याआधी गॅस. वाकून सिलिंडरचं बटण बंद करायचं, मगच काडेपेटी घ्यायची.

मला हा निव्वळ हट्ट वाटला. दूध उतू जाऊन शेगडी विझायचे प्रकार झाले होते. मी तिला ठाण्याला माझ्याकडे नेणार होते. बाबा म्हणाले, तुझ्या घरात तिला चहाचा डबासुद्धा सापडणार नाही. शेवटी ठरलं, पुन्हा एकदा गॅस चालू राहिला की आई माझ्याकडे.

रोज संध्याकाळी बाबा तिच्या मागे उभे राहायचे. वर्गात छडी चालवणारा हा माणूस तिच्यावर एकदाही खेकसला नाही. ती विसरली की नुसता काडेपेटीवर हात ठेवायचे आणि थांबायचे. दिवाळीपर्यंत उभं राहायची गरज उरली नाही. मला कौतुक वाटलं.

त्या थंडीत कल्याणचे विश्रामकाका खोकल्याच्या आजारानं गेले. बाबांचा पाठचा भाऊ. बाबा सोवळ्याओवळ्याचे पक्के. सुतक लागताच त्यांनी देव्हाऱ्याचा पडदा ओढला आणि तिथली काडेपेटी फळीवर ठेवली. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला आम्ही कल्याणला गेलो. आईजवळ शेजारच्या नंदाताई होत्या. त्या संध्याकाळी जरा घरी गेल्या.

आम्ही परतलो तर जिन्यातच गॅसचा वास. शेगडीवर दूध ओतलेलं, बर्नर विझलेला, आई बाहेरच्या खोलीत शांत बसलेली. माझा हात विजेच्या दिव्याच्या बटणाकडे गेला तो बाबांनी धरला. अंधारातच त्यांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. वास पुरता गेल्यावर मी आईच्या साड्या बॅगेत भरायला घेतल्या.

"आता पुरे, बाबा."

बाबा देव्हाऱ्याच्या पडद्याकडे बघत होते.

"चूक तिची नाही, सुमेधा. दिवाच नाही, तर गॅस तिला कसा आठवणार? पडदा मी ओढला."

त्यांनी पडदा सारला, फळीवरची काडेपेटी काढली. मी म्हटलं, लग्न झालेल्या मुलीला काकाचं सुतक नाही, मी लावते. ते म्हणाले, "तू लावून काय उपयोग? तिच्याच हातानं लागला पाहिजे."

शेगडी बंद असल्याचं बघून त्यांनी सिलिंडरचं बटण मुद्दाम चालू करून ठेवलं आणि आईला हाक मारली, "सुहासिनी, दिवेलागण झाली." ते या वेळी तिच्या मागे नाही, दाराशी उभे राहिले.

आई आली. काडेपेटीकडे गेलेला हात मध्येच थांबला. ती वाकली, बटण बंद केलं, मग दिवा लावून हात जोडले.

"विश्रामभावोजींचा खोकला बरा कर रे, देवा."

स्मशानात ज्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ते बाबा उंबऱ्यावरच बसले आणि रडू लागले. आई गोंधळून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी बॅगेतल्या साड्या परत कपाटात ठेवल्या.