उत्तर त्यांना देऊ द्या

“छत्री,” ती म्हणाली.

“ताई, मी यांना विचारलं होतं,” शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. टेबलावर पालथ्या घातलेल्या चित्रांपैकी हे तिसरं. तिन्ही वेळा नवऱ्याने तोंड उघडायच्या आत तिनेच सांगून टाकलं होतं.

नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. पन्नाशी उलटल्यावर त्याला साधे शब्द आठवेनात. एकदा तर दुकान उघडंच टाकून घरी आला. म्हणून दवाखान्यातल्या या वर्गात तिनेच त्याचं नाव घातलं होतं. आठवणीचा आणि संयमाचा सराव. त्यातला संयम आपल्यासाठी आहे, हे तिला आज कळलं.

“यांना कुणी काही विचारलं, की तुम्ही घोटभर पाणी तोंडात धरायचं,” बाई म्हणाल्या. “यांचं बोलून होईपर्यंत गिळायचं नाही.”

“लग्नाआधी कुठे होतात तुम्ही?” नवरा म्हणाला. तीही हसली.

दोनच दिवसांनी ती डबा घेऊन दुकानात गेली, तेव्हा शेजारचा चष्मेवाला आला.

“मग काका, किल्ली कधी देताय?”

बाईंनी सांगितल्याप्रमाणे तिने बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं, आणि मग प्रश्न कुठला आहे ते तिच्या ध्यानात आलं. गेल्या महिन्यात चष्मेवाल्याने दुकान मागितलं, तेव्हा नवरा नुसता गप्प बसला होता. तिने बाहेर जाऊन परस्पर सांगितलं होतं, “त्यांचं हो आहे.” मुलीच्या गावी जाऊन राहावं, असं तिच्या मनात होतं. नवऱ्याला सांगू सावकाश, म्हणत ते राहूनच गेलं.

नवरा हातातला पेचकस फिरवत राहिला.

“दुकान द्यायचं मी कधी म्हटलं?” मग त्याचा चेहरा उतरला. “असेल म्हटलं. हल्ली लक्षात राहत नाही माझ्या.” तो तिच्याकडे वळला. “म्हटलं होतं का गं मी?”

ती हो म्हणाली असती, तर त्याने ते खरं मानलं असतं. किल्लीही काढून दिली असती.

तिने पाणी गिळलं.

“नाही. तुम्ही नव्हतं म्हटलं. मीच सांगितलं यांना.”

चष्मेवाला निघून गेला. आता बोलणी खावी लागणार, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली.

“म्हणजे मी विसरलो नव्हतो,” नवरा म्हणाला. त्याचा चेहरा असा खुलला, की तिला त्याच्याकडे बघवेना. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी त्याने मुलीला फोन केला, भावाला केला, वर्गातल्या बाईंनाही केला. “मला वाटलं विसरलो, पण नव्हतो विसरलो,” असं प्रत्येकाला सांगितलं. आतल्या खोलीत चादरींच्या घड्या घालत ती ऐकत होती. काय विसरला नव्हता, हे प्रत्येकाने विचारलं.

“काही नाही, दुकानातलं एक काम होतं,” तो म्हणत होता.