उणे एक

धुरपदाबाईचं बिऱ्हाड उद्या चोपड्याहून धुळ्याला हलणार होतं. एसटीतल्या नवऱ्याची बदली झाली म्हणून काय, बाईचे पाय जमिनीला लागत नव्हते! ओट्यावर गाठोडी रचलेली, आणि त्यांच्या मधोमध बसून तिची लेक मोनाली विज्ञानाचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती.

शेजारच्या ओट्यावरून तिची काकू इंदिराबाई ऐकत होती. काकू नुसती म्हणायला. मोनाली तिच्या पोटची. थोरल्या जावेची, जेठाणी धुरपदाबाईची, कूस उजवली नाही, म्हणून इंदिराबाईनं सव्वा महिन्याची पोर तिच्या पदरात घातली. तेव्हापासून सारी गल्ली तिच्या मोठ्या मनाचे गोडवे गात होती. पोरीनं मात्र तिला एकदाही माय म्हटलं नाही. जाण्याआधी एकदा म्हणावं, एवढीच तिची आस होती. ज्वारीच्या पापडांचा, बिबड्यांचा डबा भरून ती त्यासाठीच या ओट्यावर आली.

"काय वाची ऱ्हायनी वं?"

"क्लोरीन, काकू," मोनाली आपल्या शाळेच्या भाषेत म्हणाली. "त्याच्या बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन असतात. आठ झाले की घर भरलं. एकापायी अडलेलं असतं त्याचं. मग सोडियम आपल्याकडचा एक देतो, क्लोरीनचं घर भरतं आणि तो ऋण आयन होतो."

इंदिराबाईचा जीव सुपाएवढा झाला. अगं बाई, हे तर पुस्तकातच छापलंय! जेठाणीच्या तोंडून उभ्या जन्मात जो शब्द निघाला नाही, तो सरकारनं छापलाय.

"म्हंजे घेनारा देनाराना ऋणमा ऱ्हास. बरोबर शे!" आत आवराआवर करणाऱ्या जेठाणीला ऐकू जाईल अशा बेतानं ती बोलली.

मोनाली हसली. "तसलं ऋण नाही हो काकू. ऋण म्हणजे उणे. इलेक्ट्रॉन मुळातच उणा असतो. क्लोरीनमध्ये सतरा धन, सतरा ऋण, फिटंफाट. वरून हा एक आला की उण्यांची संख्या वाढली. हा ज्या घरी जाईल, ते घर उणं."

"अन् देनारा?"

"तो धन होतो. त्याचं बरंच होतं. आतली कवचं भरलेली, बाहेर हा एकटाच लोंबकळतोय. दिला की सुटला."

इंदिराबाईला पोरीकडे बघवेना. मोठं मन कसलं, डोंबल! दोन पोरींवर तिसरी झाली, तेव्हा सासूनं तोंड फिरवलं आणि हिनं स्वतःही पहिला अख्खा दिवस दूध पाजलं नव्हतं. जेठाणीनं हात पुढे केले, तेव्हा तर हायसं वाटलं होतं. पोरीला हे कळलं होतं की काय? गल्लीच्या तोंडाला कधी झाकण असतं का!

"अन् त्या इलेक्ट्रॉनले कोनी इचारं का वं?" तिच्यानं राहवलं नाही.

"पुस्तकात तसं काही दिलेलं नाही," मोनाली म्हणाली. तिनं पुस्तक मिटलं, काकूच्या हातातून डबा घेतला आणि उठली.

"माय!"

"काय वं बेटा?" इंदिराबाईच्या तोंडून निघून गेलं.

मोनाली दाराकडे तोंड करून उभी होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"माय, काकूनं बिबडे दिलेत. कुठं ठेवू?"