रुद्राणीचा संयम

रुद्राणी नववीत असताना पुण्याहून एक बाई तिच्या शाळेत आल्या. वयात येणाऱ्या मुलामुलींचा संयम मोजायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा, हे त्यांचं काम. एकेका मुलीला रिकाम्या वर्गात बसवायचं, पुढ्यात पेढा ठेवायचा आणि सांगायचं, "मी येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन मिळतील." बहुतेकींनी खाल्ला आणि हसत बाहेर पळाल्या. रुद्राणी हातांची घडी घालून बसली. बाईंना उशीर झाला, पेढ्याला मुंग्या लागल्या, तरी ती हलली नाही.

बाईंनी विचारलं, "राग आला की काय करतेस?"

"गप बसते."

"आणि रडू आलं तर?"

"गिळते."

घरी अप्पांचा, वडिलांचा, आवाज चढला की अव्वा, तिची आई, तिला डोळ्यांनीच दटावायची. त्यातून एवढंच ती शिकली होती. बाई मात्र हरखून गेल्या. तिला न्यायला आलेल्या अप्पांना, म्हणजे शंकरप्पांना, म्हणाल्या, "इतका संयम मी अजून कुणात पाहिला नाही."

शंकरप्पांनी ते भुसार दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. रुद्राणीलाही बरं वाटलं. अप्पांच्या तोंडून आपलं कौतुक ती पहिल्यांदाच ऐकत होती.

दिवाळीनंतर अक्कलकोटकडचं स्थळ आलं. मुलगा बसवराज, बिजवर. शेतीवाडी बक्कळ, पण त्याच्या आईच्या तोंडापुढं कुणाचा निभाव लागत नाही, असा बोलबाला होता. अव्वा, सावित्रम्मा, कळवळून म्हणाली, "पोरगी लहान हाय. तितं कसं व्हायचं तिचं?"

"सोसंल की ती," शंकरप्पा म्हणाले. "शिकलेल्या बाईनं मोजून सांगितलंय."

रुद्राणी दारातच उभी होती. नको, मला मॅट्रिक व्हायचंय, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण अप्पा इतक्या अभिमानानं तिच्याकडं बघत होते, की ती मान खाली घालून आत निघून गेली. पोरगी लाजली, असं सगळे म्हणाले.

सासरी सासू बोलायची आणि ती ऐकायची. पहाटेपासून भाकऱ्या, गोठा, पाणी. दिवस राहिले तरी त्यात फरक पडला नाही. सहाव्या महिन्यात पोटात कळा यायला लागल्या. "सगळ्या बायकांना होतंय," सासू म्हणाली, आणि मग रुद्राणीनं पुन्हा सांगितलंच नाही. दात आवळून कामं ओढत राहिली. विहिरीवर कोसळली तेव्हा बसवराजनं तिला सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. ती वाचली, मूल गेलं.

"अगं, ओरडायचं तरी!" डॉक्टरीणबाई चिडून म्हणाल्या.

संध्याकाळी आई-वडील आले. शंकरप्पा टोपी काढून खाटेजवळ उभे राहिले. "धीर धर पोरी. तुझ्यासारखी सोसणारी..."

तिनं त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "अप्पा, मला सोसवत न्हवतं. कधीच सोसवत न्हवतं."

आणि ती मोठमोठ्यानं रडायला लागली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. नर्स धावत आली, तशी सावित्रम्मा मधे उभी राहिली. "रडू द्या तिला," ती म्हणाली.

शंकरप्पा खाटेच्या कडेवर टेकले. त्यांनी लेकीच्या पायावर हात ठेवला. तिनं पाय ओढून घेतला.